बदल अर्ध्या मिनिटाचा, शोध चार दिवसांचा

अंधेरीच्या एका कंपनीत दोन वर्षे काम केलेल्या एका तरुण इंजिनिअरचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "आमच्या बिलिंग सॉफ्टवेअरचा कोड फार वाईट लिहिलेला आहे. पण चालतो. मॅनेजर म्हणतात, चालतंय त्याला हात लावू नकोस, रीफॅक्टरिंगला, म्हणजे काम तेच ठेवून कोडची मांडणी सुधारायला, वेळ नाही. वाईट डिझाइनमुळे मेंटेनन्सचं नेमकं काय बिघडतं, हे त्यांना कसं सांगू? सुरुवात कुठून करू? आणि कोणीच वापरत नसलेला जुना कोड तसाच राहू दिला तर काय होतं?"

मी २००१ पासून मुंबईत शेअर ब्रोकरांच्या बॅक ऑफिसची, म्हणजे सौदा झाल्यानंतरचे हिशेब आणि नोंदी करणारी, सॉफ्टवेअर लिहिते आणि सांभाळते. नवे लिहिण्यात जेमतेम पाच-सहा वर्षे गेली असतील. बाकीची दुसऱ्यांनी लिहिलेले, आणि मीच कधी तरी लिहून विसरलेले, सांभाळण्यात गेली. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी "चालतो" या शब्दाकडे बघू. कोड चालतो म्हणजे आजच्या नियमांना, आजच्या डेटावर तो बरोबर उत्तर देतो. लेथ मशीन झिजते तसा कोड झिजत नाही, हे खरे. पण तो ज्या जगासाठी लिहिलेला असतो ते जग हलत असते. दलालीवरचा सर्व्हिस टॅक्स १ जून २०१५ला १४ टक्के झाला, त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला स्वच्छ भारत उपकर धरून साडेचौदा, १ जून २०१६ला कृषी कल्याण उपकर धरून पंधरा, आणि १ जुलै २०१७ला तो करच जाऊन १८ टक्के जीएसटी आला. पंचवीस महिन्यांत एकाच ओळीचे चार बदल. संगणकशास्त्रज्ञ मायर लेहमन यांनी १९७४ पासून सॉफ्टवेअरच्या उत्क्रांतीचे जे नियम मांडले, त्यातले पहिले दोन हेच सांगतात: वापरात असलेले सॉफ्टवेअर सतत बदलत ठेवावेच लागते, आणि मुद्दाम मेहनत घेतली नाही तर प्रत्येक बदलागणिक त्याची गुंतागुंत वाढत जाते. म्हणून डिझाइन चांगले की वाईट हे कोड चालत असताना कळत नाही. तो बदलावा लागतो त्या दिवशी कळते.

माझा तो दिवस लवकर आला. जुलै २००१ पासून आपल्या शेअर बाजारात रोलिंग सेटलमेंट सक्तीची होत गेली. सौदा झाला तो दिवस म्हणजे टी, आणि त्यानंतरच्या कामकाजाच्या पाचव्या दिवशी पैसे आणि शेअर यांची देवघेव, म्हणजे टी+५. एप्रिल २००२मध्ये टी+३ आले, एप्रिल २००३मध्ये टी+२. फोर्टमधल्या एका लहान ब्रोकरच्या ऑफिसात मी तेव्हा सगळ्यांत नवी. टी+३चे टी+२ करायचे काम माझ्याकडे दिले गेले. मी सगळ्या प्रोग्रॅममध्ये ३ हा आकडा शोधला. तो शेकडो ठिकाणी सापडला. कुठे तो सेटलमेंटचा होता, कुठे रिपोर्टातल्या तिसऱ्या कॉलमचा, कुठे तिसऱ्या शाखेचा. एकेक उघडून, वाचून मी सतरा ठिकाणी ३चे २ केले आणि काम झाले असे सांगितले.

मे महिन्यात गिरगावातले एक निवृत्त गृहस्थ खात्याचा उतारा घेऊन आले. त्यांनी एकाच दिवशी पन्नास हजारांचे एक शेअर विकून तेवढ्याच रकमेचे दुसरे घेतले होते. देणे-घेणे परस्पर फिटायला हवे होते, पण उताऱ्यात एका दिवसाचे व्याज लागले होते. वर्षाला अठरा टक्के दराने चोवीस रुपये सहासष्ट पैसे. रक्कम लहान म्हणून आमच्याकडे कोणी मनावर घेतले नाही. ते मात्र तीनदा आले, प्रत्येक वेळी पेन्सिलीने मांडलेला हिशेब घेऊन. त्यांचा हिशेब बरोबर होता. खरेदी नावे टाकणारा प्रोग्रॅम टी+२वर आला होता, विक्री जमा करणारा टी+३वरच राहिला होता. कारण त्यात ३ हा आकडाच नव्हता. "पुढचा कामाचा दिवस काढ" ही ओळ कोणी तरी एकाखाली एक तीनदा लिहिली होती.

ते सापडायला मला चार दिवस लागले. दुरुस्ती म्हणजे तीनपैकी एक ओळ खोडणे, अर्ध्या मिनिटाचे काम. मग त्या दोन महिन्यांत कोणाकोणाला असे व्याज लागले ते शोधून परत करण्यात अकाउंट्सच्या दोघांचे तीन आठवडे गेले.

तुमच्या मॅनेजरना सांगायची मुख्य गोष्ट या हिशेबात आहे. त्या प्रोग्रॅमची एकेक ओळ तशी स्वच्छ होती. कोणालाही वाचता आली असती. वाईट होते ते हे की "सौदा कधी सेटल होतो" हा धंद्याचा एकच निर्णय अठरा ठिकाणी राहत होता, आणि ही अठरा ठिकाणे कोणती हे कुठेच नोंदलेले नव्हते. मेंटेनन्स करणाऱ्याचा वेळ बदल लिहिण्यात जात नाही. तो जातो बदल कुठे करायचा हे शोधण्यात, अजून कुठे राहिले का या धास्तीत, आणि राहिलेले निस्तरण्यात.

यातली आणखी एक गोष्ट मला नंतर कळली. मी त्या चार दिवसांच्या शोधात असताना एका सहकाऱ्याने तक्रार थांबवायला म्हणून व्याजाच्याच प्रोग्रॅममध्ये एक अट घालून ठेवली होती: व्याज एकाच दिवसाचे असेल तर लावू नये. दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला. मूळ चूक दुरुस्त झाली, अट मात्र तशीच राहिली. ज्यांनी खरोखर एक दिवस उशिरा पैसे भरले त्यांनाही पुढची कित्येक वर्षे व्याज लागले नाही. पुढे आलेल्या लोकांनी ती अट पाहिली, पण काढली नाही, कारण ती का आहे हे कोणाला ठाऊक नव्हते आणि काढल्यावर काय होईल हेही नव्हते. वाईट डिझाइन असे स्वतःच वाढत जाते. मूळ जागा सापडत नाही म्हणून माणूस लक्षण दिसते तिथे ठिगळ लावतो, आणि पुढच्या माणसाला शोधायची आणखी एक जागा तयार होते.

आता ज्या अनुभवाने माझी समज खरोखर बदलली तो सांगते. त्यात चूक माझी होती.

२००३चा धडा मी पक्का धरला होता. पुढच्या नोकरीत नवे बॅक ऑफिस बांधताना मी आग्रह धरला की सेटलमेंटचे दिवस एकाच जागी, सेटिंगच्या टेबलात ठेवायचे. तिथे २ हा आकडा ठेवला आणि सगळे प्रोग्रॅम तिथूनच वाचतील असे केले. मला वाटत होते, उद्या टी+१ झाले तर एक आकडा बदलला की झाले. पुढची अनेक वर्षे तो आकडा २च राहिला, आणि माझे डिझाइन चांगले आहे अशी माझी खात्री होती.

नोव्हेंबर २०२१मध्ये बाजारांनी टी+१चे वेळापत्रक जाहीर केले. बदल एका रात्रीत होणार नव्हता. २५ फेब्रुवारी २०२२ला बाजारमूल्याने सर्वांत लहान अशा शंभर कंपन्या टी+१वर जाणार, मार्चपासून दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी खालून पुढच्या पाचशे, असे करत २७ जानेवारी २०२३ला सगळा बाजार टी+१वर. म्हणजे जवळजवळ वर्षभर एकाच क्लायंटच्या एकाच दिवशीच्या दोन सौद्यांच्या तारखा वेगळ्या असणार होत्या. आज घेतलेला एक शेअर उद्या सेटल होणार, दुसरा परवा. माझ्या टेबलात तर एकच आकडा मावत होता.

तो आकडा वाचणारी एकसष्ट ठिकाणे निघाली. प्रत्येक ठिकाणी आकडा वाचून पुढची बेरीज ज्याची त्याने केली होती, आणि सुट्ट्याही ज्याच्या त्याने आपल्या समजुतीने वगळल्या होत्या. सुट्ट्यांचा मामला बाहेरून दिसतो तितका सरळ नाही. शिवजयंतीला महाराष्ट्रात बँका बंद असतात, पण त्या दिवशी बाजार चालू राहिल्याची वर्षे आहेत. अशा दिवशी सौदे होतात, सेटलमेंट होत नाही. लक्ष्मीपूजनाला बाजाराला सुट्टी असते, पण मुहूर्ताचे सौदे होतात. कोणी बाजाराच्या सुट्ट्या पाहिल्या होत्या, कोणी बँकांच्या, कोणी फक्त शनिवार-रविवार. एका ठिकाणी मुहूर्ताचे सौदे संध्याकाळी होतात असे धरून वेळेची अट घातली होती. २०२५ साली ते सौदे दुपारी पावणेदोन ते पावणेतीन झाले. ती अट आम्ही २०२२च्या सफाईत काढली नसती तर त्या दिवशीचे सौदे बाहेर राहिले असते. फेब्रुवारीची तारीख आम्ही गाठली, पण त्यासाठी सात जणांचे साडेतीन महिने गेले.

त्याच कंपनीत डिमॅटचे काम बघणारी दुसरी टीम होती. त्यांच्या कोडमध्ये तारखेची बेरीज कुठेच नव्हती. एकच फंक्शन होते. त्याला स्क्रिप, म्हणजे कोणत्या कंपनीचा शेअर, आणि सौद्याची तारीख सांगायची, ते सेटलमेंटची तारीख सांगणार. आत काय चालते हे बाहेर कोणाला माहीत नाही आणि माहीत असायची गरजही नाही. त्यांनी त्या फंक्शनच्या आत एक टेबल जोडले, कोणती स्क्रिप कोणत्या तारखेपासून टी+१वर गेली ते सांगणारे. टेस्टिंग धरून नऊ दिवसांत त्यांचे काम संपले.

तिथे मला कळले की मी आकडा एका जागी आणला होता, प्रश्न आणला नव्हता. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ साली लिहिलेल्या निबंधात हेच आहे. प्रोग्रॅमचे तुकडे कामाच्या क्रमाने पाडू नका, पुढे बदलण्याची शक्यता असलेला एकेक निर्णय एकेका तुकड्याच्या आत झाका. कॉलेजात मी हे वाचून परीक्षेत लिहिलेही होते. त्याचा अर्थ कळायला वीस वर्षे लागली. तुमच्या बिलिंगमध्ये कराचा दर एका ठिकाणी असला तरी तेवढ्यावर समाधान मानू नका. "या क्लायंटच्या, या तारखेच्या बिलावर कर किती आणि कोणता" हा पूर्ण प्रश्न एका ठिकाणी विचारला जातो का ते बघा. दर बदलल्यावर जुन्या तारखेच्या बिलाची क्रेडिट नोट निघते तेव्हा तिला जुनाच दर लागायला हवा. जीएसटी आल्यावर क्लायंट कोणत्या राज्यातला यावर केंद्राचा आणि राज्याचा असे दोन कर की एकच एकत्रित कर हे ठरू लागले. दराचा आकडा एका जागी ठेवणाऱ्यांना या दोन्ही वेळी पुन्हा सगळीकडे फिरावे लागले.

टेस्टिंगचे नुकसान वेगळे सांगायला हवे, कारण मॅनेजरना ते लवकर समजते. एके ठिकाणी बिल तयार करणारे एकच फंक्शन होते, साधारण नऊशे ओळींचे. ते दलाली काढायचे, डेटाबेसमध्ये नोंद करायचे, पीडीएफ बनवायचे आणि क्लायंटला ईमेलही पाठवायचे. दलालीचा हिशेब बरोबर आहे का एवढेच तपासायचे असले तरी अख्खे फंक्शन चालवावे लागे. एका संध्याकाळी नव्या मुलाने टेस्ट सर्व्हरवर ते चालवले, ईमेलची सेटिंग खऱ्या सर्व्हरची राहिली होती, आणि तीनशे क्लायंटना खोटी बिले गेली. दुसऱ्या दिवशी त्या मुलाला सगळ्यांसमोर बोलणी बसली. मला आजही ते लागते. दोष त्याचा नव्हता. हिशेब आणि ईमेल ज्यांनी एका फंक्शनमध्ये बांधून ठेवले त्यांचा होता, आणि दहा वर्षे ते तसेच चालू दिलेल्या आम्हा सगळ्यांचा होता. त्यानंतर तिथे टेस्टिंग वाढायच्या ऐवजी कमी झाले, कारण लोक ते फंक्शन चालवायलाच घाबरू लागले. थोडक्यात, ज्या कोडला तपासणीची सर्वांत जास्त गरज होती तोच सर्वांत कमी तपासला जाऊ लागला.

आणि माणसे. वाईट डिझाइनच्या प्रत्येक सिस्टिममध्ये एक माणूस असा असतो की कोणती जागा बदलली की कुठे काय हलते हे फक्त त्याच्या डोक्यात असते. आमच्याकडे असे एक ज्येष्ठ सहकारी होते, मूळचे मालवणकडचे. दरवर्षी गणपतीला गावी जायचे, आणि दरवर्षी त्यांच्या सामानात ऑफिसचा लॅपटॉप असायचा. एका वर्षी आरती चालू असताना त्यांना फोन गेला. गावात नेटवर्क धड नाही म्हणून ते सोवळ्यातच टेकडीवर चढले आणि कोणत्या टेबलातला कोणता फ्लॅग, म्हणजे चालू-बंदची खूण, शून्य करायचा ते ओरडून सांगितले. ऑफिसात सगळ्यांनी त्यांचे कौतुक केले. मला तेव्हाही ते बरे वाटले नव्हते. एका माणसाला वर्षातले पाच दिवस सुखाने मिळू नयेत इतकी ती सिस्टिम मोडकी होती. पुढे ते निवृत्त झाले, तेव्हा शेवटचे दोन महिने त्यांच्याशेजारी वही घेऊन बसायचे काम माझ्याकडे होते. चार वह्या भरल्या, तरी सगळे उतरले नाही.

या सगळ्याला लोक "टेक्निकल डेट", म्हणजे तांत्रिक कर्ज, म्हणतात. कर्जाची ही उपमा अमेरिकन प्रोग्रॅमर वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ साली दिली. ते तेव्हा आर्थिक गुंतवणुकीच्या सॉफ्टवेअरवर काम करत होते. त्यांचे म्हणणे असे होते की आज जेवढे समजले आहे तेवढ्यावर कोड लिहून पुढे जा, पण समज वाढली की परत येऊन कोड त्या समजुतीप्रमाणे दुरुस्त करा, नाही तर व्याज चढत राहील. वाईट कोड लिहायची ती परवानगी नव्हती, आणि हे त्यांनी पुढे स्पष्टही केले. मॅनेजरशी बोलताना ही उपमा वापरा, पण जपून. पतपेढीच्या कर्जाचा हप्ता आपल्याला माहीत असतो. वाईट कोडचा हप्ता नियम बदलेपर्यंत कळत नाही, आणि तो भरणारा माणूस बहुतेक वेळा कर्ज काढणारा नसतो.

तरीही प्रत्येक वाईट कोड सुधारायलाच हवा असे माझे म्हणणे नाही. वर्षातून एकदा चालणारा, दहा वर्षांत न बदललेला रिपोर्ट कितीही कुरूप असला तरी त्याला हात लावू नका. तिथे तुमच्या मॅनेजरचे बरोबर आहे. उलट्या बाजूची चूकही मी पाहिली आहे. उद्या काहीही बदलेल म्हणून एकाने प्रत्येक गोष्ट सेटिंगवर आणि सात थरांच्या आड नेली. त्याचा कोड वाचताना एक साधी बेरीज कुठे होते ते शोधायला दिवस जायचा. नुकसान तेच होते, निर्णय कुठे राहतो ते सापडत नव्हते.

मग सुरुवात कुठून करायची? महिनाभर एक वही ठेवा. प्रत्येक बदलासाठी तीन आकडे लिहा: जागा शोधण्यात किती तास, बदल लिहिण्यात किती, आणि नंतर उपटलेल्या गोष्टी निस्तरण्यात किती. मत कोणीही खोडू शकते, तुमच्याच टीमचे तास कोणी खोडू शकत नाही. त्याच्या जोडीला गिटचा, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, इतिहास काढून कोणत्या फाइली वारंवार बदलतात आणि कोणत्या नेहमी एकत्र बदलतात ते बघा. दर वेळी दलालीच्या फाइलबरोबर ईमेलची फाइलही बदलावी लागत असेल, तर त्या दोघींत कोणता निर्णय वाटला गेला आहे ते तिथेच शोधा. बहुतेक सिस्टिममध्ये खरे दुखणे दहा-पंधरा फाइलींत असते. बाकीच्यांकडे सध्या बघूही नका.

"रीफॅक्टरिंगसाठी दोन महिने द्या" असे मात्र मागू नका. ते मिळणार नाहीत, आणि मिळाले तर दोन महिन्यांनी दाखवायला काही नसेल. जो बदल तसाही करायचा आहे त्याच्या वाटेवर जेवढे येते तेवढेच सुधारा. आधी आजच्या वागण्याचा साचा घ्या. गेल्या दोन-तीन वर्षांतली खरी बिले घ्या, क्लायंटची नावे आणि नंबर पुसून, जुन्या कोडमधून चालवा आणि उत्तरे जपून ठेवा. चुकीची वाटली तरी तीच ठेवा. मग नवे फंक्शन लिहून तीच बिले त्यातून काढा आणि ताडून बघा. जिथे फरक येईल तिथे बदल मुद्दाम केला आहे की चुकून झाला आहे याचे उत्तर तुमच्याकडे हवे. टी+१च्या वेळी आम्हाला यानेच वाचवले. पहिल्या दिवशी अडीचशे फरक निघाले, आणि त्यांतले एकोणीस जुन्याच कोडच्या चुका होत्या.

सगळे मोडून नव्याने लिहायचा मोह तुम्हाला होईल. सगळ्यांना होतो. पण मुंबईत राहणाऱ्याने लोकलकडे बघावे. १९२५ साली व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. ते सगळे जाळे २५ हजार व्होल्ट एसीवर न्यायचे होते, आणि एक दिवसही लोकल बंद ठेवणे परवडणारे नव्हते. मग दोन्ही विजांवर चालणाऱ्या गाड्या आणल्या आणि मार्गाचा एकेक टप्पा बदलत नेला. पश्चिम रेल्वेचे काम २०१२मध्ये संपले, हार्बरचे २०१६मध्ये. मधली वर्षे प्रवासी त्याच गाडीत बसून डीसीच्या टप्प्यातून एसीच्या टप्प्यात जात होते. तुमच्या कोडला अशी मधली गाडी बांधून द्या. बाहेरून एकच फंक्शन, आत काही क्लायंटसाठी जुना हिशेब, काहींसाठी नवा. एक शाखा नव्यावर न्या, महिनाअखेरचा ताळा जुळू द्या, मग दुसरी.

शेवटचा प्रश्न न वापरल्या जाणाऱ्या कोडचा. तो राहू देऊ नका. अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या ब्रोकर कंपनीचा अनुभव नोंदलेला आहे. त्यांच्या ऑर्डर पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर पेग नावाची एक जुनी सोय होती. २००३पासून ती वापरात नव्हती, पण कोड तिथेच होता. २००५मध्ये, ऑर्डरचे किती शेअर भरले गेले ते मोजणारा भाग दुसरीकडे हलवला गेला. त्यानंतर पॉवर पेग चुकून चालू झाले असते तर कधी थांबायचे हे त्याला कळले नसते. पण ते तपासायचे कोणाला सुचणार, ते तर बंद होते. २०१२मध्ये नव्या कामासाठी एक फ्लॅग हवा होता, तेव्हा पॉवर पेगचाच जुना फ्लॅग घेतला गेला. नवा कोड आठपैकी सात सर्व्हरवर चढला, आठव्यावर राहून गेला. १ ऑगस्टला बाजार उघडला, फ्लॅग चालू झाला, आणि आठव्या सर्व्हरवर पॉवर पेग जागे होऊन ऑर्डर पाठवत सुटले. पंचेचाळीस मिनिटांत चाळीस लाखांवर व्यवहार झाले, आणि नुकसान ४६ कोटी डॉलरच्या वर गेले. आठवा सर्व्हर राहिला ही एका माणसाची चूक म्हणता येईल. पण मेलेला कोड आणि दुसऱ्याच्या अर्थाचा फ्लॅग तिथे नसता, तर त्या चुकीने एवढे काही झाले नसते.

तुमच्या बिलिंगमध्येही असा उसना फ्लॅग किंवा कॉलम नक्की सापडेल. २०१७नंतर सर्व्हिस टॅक्सच्या कॉलममध्येच जीएसटी भरणारी सिस्टिम मी स्वतः सांभाळली आहे. २०१६ची बिले तपासायला आलेल्या ऑडिटरला त्या कॉलमचा अर्थ समजावून सांगताना माझा एक दिवस गेला.

काढायची पद्धत अशी. ज्या फंक्शनबद्दल शंका आहे त्याच्या तोंडाशी एक लॉगची ओळ टाका, कोण बोलावते आणि कधी एवढेच लिहिणारी. मग पूर्ण आर्थिक वर्ष जाऊ द्या. महिन्याच्या लॉगवर विसंबू नका, कारण काही गोष्टी फक्त ३१ मार्चच्या रात्री चालतात, काही लाभांशाच्या हंगामात, काही एखाद्या शाखेचे खाते बंद होताना. वर्षभर एकही नोंद आली नाही, तर एप्रिलचा पहिला पंधरवडा संपल्यावर ते फंक्शन, त्याचा फ्लॅग आणि त्याचे कॉलम एकाच बदलात काढा. त्या बदलाच्या गिट संदेशात लिहा की हे काय होते, कोणासाठी होते आणि कधीपासून बंद होते. जुना कोड कॉमेंट करून, म्हणजे चालू नये अशी खूण करून, तिथेच ठेवू नका. जुने हवेच असेल त्या दिवशी ते गिटमध्ये असेल.